धुळ्याचे सर नेहमी ‘यस’ दाबत

‘त्या मॅडमना काय विचारता, भाऊ? त्या तर बोलतच नाहीत.’

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य ऐकू आलं तेव्हा मी मस्कतच्या एका गिऱ्हाइकाला तूरडाळीबद्दल पत्र टाइप करत होते. पार्टिशन जेमतेम खांद्याइतकं उंच होतं आणि बोलणाऱ्याला हळू बोलायची सवय नव्हती. आमच्या डाळ मिलचे मालक, ज्यांना सगळं ऑफिस भाऊ म्हणायचं, त्यांनी एवढंच सुचवलं होतं की कॉम्प्युटरवर नवं काही चढवताय, तर आमच्या मॅडमना जरा शेजारी बसवा, त्यांचं इंग्रजी चांगलं आहे. त्यावर हे उत्तर. त्यात खोटं काही नव्हतं. मी खरंच बोलत नसे. जळगावातल्या नन्सच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. त्यामुळे मराठी वाक्य तोंडातून काढण्याआधी ते मनात दोनदा लावून बघायची खोड मला लागली होती, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेलेली असायची. ऑफिसात माझ्या नावाने मला कोणी हाक मारत नसे. इंग्रजी पत्रं लिहिणारी एकुलती एक बाई, म्हणून मॅडम. मला वाईट वाटलं ते त्या वाक्याचं नाही, ते बोलणाऱ्या माणसाचं. कारण तो माणूस, म्हणजे धुळ्याचे सर, स्वतः जे बोलत असे त्यातलं निम्मं जरी न बोलता तर आमच्या मिलचं फार भलं झालं असतं.

खानदेशात मी जन्मले, वाढले, अजून इथेच आहे, पण धुळ्याच्या सरांइतका निःशंक माणूस मी तापीच्या अलीकडे पाहिला नाही की पलीकडे. देवाने माणसांना शंका वाटून दिली तेव्हा सर बहुधा धुळ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत उभे असावेत. त्यांचा धुळ्यात कॉम्प्युटरचा क्लास होता. भाऊंच्या कोणा साडूने त्यांचं नाव सुचवलं होतं. साडूच्या कापूस-जिनिंगमधला बंद पडलेला कॉम्प्युटर सरांनी नुसता कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि सुरू झाला, अशी त्यांची कीर्ती. पुढे मला कळलं की नमस्कारासाठी वाकताना त्यांच्या खांद्याने प्लग आत बसला होता. पण कीर्तीला असले तपशील चिकटत नाहीत.

आमचा मेल सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नव्हतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. ऑफिसच्या कोपऱ्यात काचेच्या खोक्यात एक कॉम्प्युटर होता. तो दिवसातून चार वेळा मोडेममधून किंकाळ्या मारत नाशिकला फोन लावायचा, सगळ्यांची ई-मेल एकदम आणायचा आणि बाकीच्या तीन कॉम्प्युटरवर ज्याची त्याला वाटून द्यायचा. आलेलं प्रत्येक पत्र त्याच्याच पोटात जपलेलं असायचं. त्याच्यावर हरभऱ्याच्या डाळीची पिवळी धूळ रोज बसायची आणि रोज पुसली जायची. एवढंच ते यंत्र. त्याचं जुनं व्हर्जन काढून नवं टाकायचं होतं, कारण जुनं आठवड्यातून दोनदा अडायचं. आणि त्यासाठी सर आले होते.

सर यायचे ते धुळे-जळगाव बसने, आणि बसायचे शेवटच्या बाकावर, कारण पुढे इंजिनाजवळ फ्लॉपी कमजोर होते असा त्यांचा शोध होता. फ्लॉप्या असायच्या जेवणाच्या तीन पुडांच्या डब्यात. खालच्या पुडात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या फ्लॉप्या, मधल्यात पोळ्या, वरच्यात लोणचं. आमच्या सर्व्हरमध्ये गेलेल्या पहिल्या फ्लॉपीला कैरीच्या लोणच्याचा वास होता, आणि सरांना त्याचं काही वाटलं नाही. उलट आमच्या मुनीमांना, म्हणजे नानांना, त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून बाहेर ठेवायला लावला. लोखंडाने फ्लॉपीतलं उडून जातं म्हणे. स्वतःचा स्टीलचा डबा मात्र त्यांनी सर्व्हरच्या डोक्यावरच ठेवला होता.

मे महिना होता. जळगावचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना मी वेगळं काही सांगत नाही. ऑफिसात एकच कूलर होता आणि सरांनी आल्या आल्या तो फिरवून सर्व्हरकडे तोंड करून ठेवला. ‘ऑपरेशनच्या वेळी पेशंटला थंडावा लागतो,’ ते म्हणाले. आम्ही सगळे घामाने निथळत राहिलो आणि त्या यंत्रावर वाळ्याच्या वासाचा वारा येत राहिला. नाना माझ्या टेबलापाशी येऊन पुटपुटले, ‘हाई मशीन शे का जवाई?’ बडदास्त खरंच जावयाची होती. मी हसले नाही, पण नाना त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडले.

सरांचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाने इंग्रजी पाण्यासारखं प्यायलंय. ‘सिस्टीम’, ‘प्रोसेस’, ‘कॉन्फिगर’ हे शब्द ते जेवणातल्या मिठासारखे सगळीकडे टाकत. दुपारी भाऊंनी काय मागवू विचारलं तर म्हणाले, ‘शेवभाजी कॉन्फिगर करायला सांगा, तिखट फुल सिस्टीम.’ आणि ती शेवभाजी सहा पोळ्यांबरोबर संपवून त्यांनी सर्व्हरसमोर पाच मिनिटं डोळे मिटले. भाऊंनी आम्हाला हाताने गप्प राहायची खूण केली. सर विचार करताहेत, असं त्यांना वाटलं. मला घोरणं ऐकू येत होतं.

एवढं इंग्रजी बोलणारा माणूस पडद्यावरचं इंग्रजी मात्र कधी मोठ्याने वाचत नसे. पडद्यावर काही उमटलं की सर कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवायचे, ओठ हलवायचे, आणि मग छातीशी धरलेल्या एका वहीत डोकावायचे. खाकी कव्हरची दोनशेपानी वही. ती ते टेबलावर उघडी ठेवत नसत. तिच्यात पासवर्ड आहेत, अशी भाऊंची समजूत होती. फ्लॉपीवरचा बारीक अक्षरातला नंबर वाचायची वेळ आली की सर म्हणायचे, ‘चष्मा धुळ्याला राहिला.’ मी त्यांना जेवढ्या वेळा पाहिलं तेवढ्या वेळा त्यांचा चष्मा धुळ्यालाच राहिलेला होता. वर्तमानपत्रातले भाव मात्र ते हात लांब न करता, बिनचष्म्याने, नानांना वाचून दाखवत.

आणि त्यांचा मुख्य सिद्धांत. यंत्र काहीही विचारो, उत्तर ‘यस’. ‘यंत्र प्रश्न विचारतं ना, तेव्हा ते आपलं मन बघतं,’ भाऊंना त्यांनी समजावून सांगितलं होतं. ‘आपण कचरलो की ते बिथरलं. ‘नो’ हे बटण कंपनीने भित्र्या लोकांसाठी दिलंय.’ भाऊंनी विचारलं, आधी सगळ्याची एक नक्कल काढून ठेवायची का? सर दुखावल्यासारखे हसले. ‘बॅकअप म्हणजे मशीनवर अविश्वास, भाऊ. ज्याच्यावर अविश्वास दाखवला ते काम कशाला करेल?’

तर त्या मे महिन्याच्या दुपारी, पार्टिशनपलीकडून ते वाक्य ऐकल्यावर, मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक चौकोन आला होता. त्यात चार ओळी इंग्रजी होतं. त्याचा सरळ अर्थ असा, की इथे आधीची पत्रं आहेत, पुढे गेलात तर ती पुसली जातील आणि परत मिळणार नाहीत, पुढे जायचं का? मी ते एका नजरेत वाचलं. सर बशीतला चहा पीत होते. वेळ भरपूर होता. ‘सर, हे पुसलं जाईल,’ एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात एकदा लावलं. मग वाटलं, हे उद्धट होईल, दुसऱ्या तऱ्हेने म्हणावं. दुसऱ्यांदा लावेपर्यंत सरांनी बशी खाली ठेवली, मान डोलावली आणि ‘यस’ दाबलं.

दीड वर्षाचा पत्रव्यवहार गेला. दुबई, मस्कत, कोलंबो, मुंबईचे दलाल, सगळं. संध्याकाळी भाऊंनी आपली जुनी पत्रं उघडायचा प्रयत्न केला आणि पांढराशुभ्र पडदा बघून तसेच बसून राहिले. सरांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ‘दुपारी मॅडमनी प्रिंट सोडली होती,’ ते म्हणाले. ‘चालू ऑपरेशनमध्ये पेशंटला हलवल्यासारखं झालं ते.’ प्रिंट मी सोडली होती, सकाळी, सर धुळ्याहून निघालेही नसतील तेव्हा. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वाक्य मनात लावत होते. ते लावून होईपर्यंत भाऊंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात एक सूचना लिहून सर्व्हरच्या काचेवर चिकटवली होती: ‘मॅडमनी हात लावू नये.’

ती पाटी अडीच वर्षं तिथे होती. येणारे-जाणारे ती वाचायचे आणि मग मला बघायचे. प्रिंटर सर्व्हरलाच जोडलेला, म्हणून प्रिंट काढायचं कामही माझ्याकडून नानांकडे गेलं. नाना फक्त धंद्याचीच पत्रं छापायचे, तीही कागदाच्या दोन्ही बाजूंना.

मला सरांचा राग यायला एवढं पुरे होतं, पण त्याहून मोठं कारण अक्का होत्या. अक्का म्हणजे भाऊंची आई. त्यांची धाकटी मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली होती, आणि तिथून आमच्या मिलच्या पत्त्यावर ई-मेल पाठवायची. तिकडच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत अहिराणी लिहायची. अक्का दर गुरुवारी दत्ताच्या देवळातून परस्पर ऑफिसात यायच्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, ‘काय लिखेल शे व, पोर?’ म्हणजे काय लिहिलंय ग, पोरी. मी इंग्रजी वाचल्यासारखी अडखळत वाचायचे, ‘माय, तू कासी शेस,’ आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. ‘कासी नही व. कशी. कशी शेस.’ घरी आई-वडील आमच्याशी शुद्ध बोलत. अहिराणी मी अक्कांकडून शिकले, त्यांच्या मुलीच्या पत्रांवरून. मिलमध्ये मी मोठ्याने बोलत असे ते तेवढंच. दुसऱ्याचं लिहिलेलं असलं की मला वाचा फुटते.

अक्कांचं एक लाडकं पत्र होतं. लेकीने मस्कतच्या फ्लॅटमध्ये गॅसवर भरताची वांगी भाजली, धूर झाला, बिल्डिंगमधली आगीची घंटा वाजली, सहा मजले माणसं खाली धावली, आणि शेवटी पहारेकऱ्याने ते भरीत चाखून भाकरी मागितली. नवं पत्र वाचून झालं की अक्का म्हणायच्या, ‘आते ते भरीतनं वाच.’ सरांच्या ‘यस’मध्ये भरताचं पत्रही गेलं. पुढच्या गुरुवारी अक्का आल्या, नव्या पत्राच्या तीन ओळी ऐकल्या आणि भरताचं वाच म्हणाल्या. पत्र गेलं, हे सांगण्यासाठी मी वाक्य लावू लागले. मग बघितलं की त्या पदर सावरून, मांडीवर हात ठेवून, ऐकायला तयार होऊन बसल्या आहेत. मी रिकाम्या पडद्याकडे बघितलं आणि वाचायला लागले. जेवढं आठवत होतं तेवढं, आणि नव्हतं ते माझ्या मनाने. पुढे ते मी कितीदा वाचलं त्याला मोजदाद नाही. एकदा अक्कांनी मला मधेच थांबवलं. ‘मागला येळे दोन शिपाई व्हतात ना?’ मी म्हटलं, ‘व्हय, दोन.’ मला खोटं बोलायला लावणाऱ्या धुळ्याच्या त्या माणसाला मी मनात अशा शिव्या घातल्या की नन्सनी मला वर्गाबाहेरच काय, गावाबाहेर उभं केलं असतं.

मधे एकदा मामेबहिणीच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. हॉलच्या मागच्या गल्लीत सरांच्या क्लासची पाटी दिसली, पृथ्वीचा गोल आणि त्यातून निघणारा उंदीर. दार उघडं होतं. आत दोन कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर भरतकाम केलेलं कव्हर घातलेलं आणि ते कधी काढलं असेल असं वाटत नव्हतं. उरलेल्या एकाभोवती पिंपळनेर-साक्रीकडची दहा-बारा मुलंमुली उभी. सर छडीने पडदा दाखवत होते आणि पोरं पाढे म्हटल्यासारखी ओरडत होती, ‘फाइल. ओपन. ओके. फाइल. ओपन. ओके.’ दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, ‘सर, ते ‘कॅन्सल’ काय असतं?’ सर म्हणाले, ‘ते आपल्यासाठी नाही.’ पोरीने वहीत तसंच लिहून घेतलं. मी दारातूनच परत फिरले. जेवणाच्या पंगतीत मी ही गोष्ट बहिणींना सांगितली आणि आम्ही खूप हसलो. माझ्या गोष्टीवर कोणी हसलं असा तो पहिलाच प्रसंग, त्यामुळे तेवढ्यापुरतं मी सरांचं देणं लागते.

नव्याण्णवच्या डिसेंबरात नाशिकहून निरोप आला की आमच्या मेल सर्व्हरचं व्हर्जन दोन हजार साल ओळखणार नाही, एक जानेवारीच्या आत नवं टाका. मला वाटलं, आता तरी दुसरा कोणी बोलावतील. पण भाऊंचा स्वभाव असा, की ज्या डॉक्टरच्या हातून एकदा पेशंट गेला, त्याला तो आजार चांगला माहीत झाला. सर आले. या वेळी नवं व्हर्जन सीडीवर होतं आणि सीडी डब्याच्या खालच्या पुडात होती. वरच्या पुडात भरीत होतं. थंडीचे दिवस, भरताचा हंगाम. त्यातून तो गुरुवार. अक्काही आलेल्या होत्या आणि खुर्ची घेऊन भिंतीशी बसल्या होत्या, मशीन मोकळं झालं की पत्र ऐकायचं म्हणून. अडीच वर्षांची पत्रं आता त्या यंत्रात होती. नात झाली तेव्हाचं पत्र होतं. नातीला गोवर निघाला तेव्हाची रोज एक अशी आठ पत्रं होती. ती पहिल्यांदा ‘माय’ म्हणाली तेव्हाचं पत्र होतं. यातलं एकही कागदावर नव्हतं. नानांना ‘एवढं छापून द्याल का’ असं विचारायचं मी अडीच वर्षं मनात लावत होते. आणि हे सगळं गेलं तर पाठ म्हणून दाखवणं मला जमणार नव्हतं. एक भरीत मी रचू शकत होते, एक नात नाही.

सीडीच्या पाकिटावर बारीक अक्षरात लांबलचक नंबर होता. सरांनी खिसा चाचपला. चष्मा धुळ्याला राहिला होता. नानांना इंग्रजी बारीक अक्षर लागत नव्हतं. भाऊंनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘मॅडम, हात न लावता तेवढं वाचून द्या.’ म्हणून मी स्टूल घेऊन सरांच्या अगदी शेजारी बसले आणि एकेक अक्षर वाचलं. सरांनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर कीबोर्डवर शोधत, ते दाबलं. आणि वही उघडली.

पहिल्यांदा मला ती वही दिसली. त्यात पासवर्ड नव्हते. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले पेन्सिलीचे चौकोन होते. चौकोनात मजकुराच्या जागी नागमोडी रेघा, लांब ओळीला लांब, आखूडला आखूड, आणि खाली बटणांची छोटी घरं, त्यातलं एक लाल पेन्सिलीने भरलेलं. खाली सुबक देवनागरीत लिहिलेलं: ‘दोन ओळी, खाली डावीकडचं.’ ‘गोल खूण असेल तर मधलं.’ एका पानावर मोठा चौकोन, चार लांब नागमोडी रेघा, आणि खाली, ‘मजकूर लांब. घाबरू नको. यस.’

सरांनी पडदा बघितला, वही बघितली. नव्या व्हर्जनचे चौकोन वेगळेच होते. डावीकडे चित्र, बटणं उजव्या कोपऱ्यात. सरांनी बोट ओलं करून पान उलटलं, मागे गेले, पुढे गेले. तोंडाने ‘प्रोसेस नॉर्मल आहे’ चालूच होतं. तीन-चार प्रश्न त्यांनी अंदाजाने ‘यस’ केले आणि ते निभावले. मग एक चौकोन आला. चार लांब ओळी. त्यात लिहिलं होतं की जुन्या पत्रांच्या पेट्या सापडल्या आहेत, त्या अजून नव्या जागी नेलेल्या नाहीत, त्या कायमच्या काढून टाकायच्या का? सरांनी वहीतलं ते लांब मजकुराचं पान काढलं. माउसचा बाण ‘यस’कडे निघाला. चौकोनाच्या कडा चाचपत तो सावकाश जात होता.

मी म्हटलं, ‘सर.’ वाक्य लावायला वेळ नव्हता, त्यामुळे तेवढाच शब्द निघाला.

बाण थांबला. सर माझ्याकडे वळले नाहीत. पडद्याकडेच बघत, ओठ न हलवता, ऑफिसात कधी न वापरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘काय लिखेल शे?’

मी त्यांच्या कानाशी दोन वाक्यांत सांगितलं. सरांनी मान डोलावली नाही. वही मात्र हळूच मिटली.

आता इतक्या वर्षांनी सरांचा विषय निघाला की माझ्या बोलण्यात अजून खवचटपणा येतो आणि वर लिहिलंय त्यातलं अक्षरही मी मागे घेणार नाही. ते बढाईखोर होते, शेवभाजीचे अधाशी होते, आणि त्यांनी केलेल्या चुकीची पाटी अडीच वर्षं माझ्या नावाने लागलेली होती. पाटी उतरल्यावर, त्या गुरुवारनंतरचे दोन दिवस मी सीडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक वाचत जुन्या पेट्या नव्या जागी नेल्या, आणि सर शेजारी स्टुलावर बसून नव्या वहीत पट्टीने चौकोन आखत होते. मधेच विचारायचे, ‘याच्याखाली काय लिहू?’ मी सांगायचे, ते सुबक अक्षरात लिहायचे. निघताना त्यांनी डब्याचं मधलं पूड उघडून माझ्या टेबलावर दोन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी ठेवल्या आणि बस गाठायला गेले. पुढे कधी तरी धुळ्याला गेले तेव्हा त्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान होतं आणि पृथ्वीच्या गोलाची पाटी उलटी करून तिचा बाक केलेला होता. सर कुठे गेले, हे त्या दुकानदाराला विचारायला हवं होतं. मी मनात वाक्य लावलं, आणि दोन पानं झेरॉक्स काढून परत आले.

पण त्या गुरुवारी मिटलेली वही सरांच्या मांडीवर होती, बाण ‘यस’पासून बोटभर अंतरावर उभा होता, आणि खोलीतलं सगळं थांबलेलं होतं.

‘काय सर, अडलं का?’ भाऊंनी विचारलं.

सरांनी मिटलेल्या वहीवर तळहात दाबून धरला.  त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती.

‘मॅडमनी काही केलं काय?’ नाना म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. काचेवरची पाटी बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर होती. भिंतीशी अक्का मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मला फक्त खरं सांगायचं होतं, की या माणसाला हे वाचता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. अडीच वर्षं ते वाक्य मी इतक्या वेळा लावलं होतं की ते तयारच होतं, एकही शब्द शोधावा लागला नसता. सरांनी डोळे मिटून घेतले होते, आणि या वेळी ते घोरत नव्हते.

मी घसा साफ केला, आणि अक्कांना भरताचं पत्र वाचून दाखवायचे त्याच आवाजात, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘काही अडलं नाही, भाऊ. सर म्हणताहेत, इथे ‘नो’ दाबायचं.’